नाताळच्या कबड्डीत पंचांची कदर

कापसाचा पहिला वेचा आटोपला की विदर्भातल्या गावांत रात्रीची कबड्डी सुरू होते. नाताळच्या आठवड्यात मंडळीचा, म्हणजे गावातल्या चर्चचा, तरुण संघही सामने भरवतो. पंचांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला, की आयोजकांना वाटतं झाला मान. खरा मान मैदानाच्या रेषा आखायला फक्की टाकतानाच द्यायचा असतो.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. नुसत्या बाजू मोजू नका; दोन्ही कर्ण १६.४० मीटर भरले तरच कोपरे काटकोनात आहेत. मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाईवाल्यानं ओलांडायचीच ती) ३.७५ मीटर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा (जादा गुणाची). ती वीतभर सरकली तरी प्रत्येक बोनसवर वाद, आणि शिव्या खातो पंच. काळ्या मातीला भेगा असतात, म्हणून मुरूम-माती टाकून, पाणी मारून दाबून घ्या. रात्री दहिवरानं फक्की भिजते, पायाखाली पुसते. मध्यंतराच्या ५ मिनिटांत रेषा पुन्हा भरायला दोन पोरं नेमून ठेवा.

दोन पंच मध्यरेषेच्या दोन टोकांना असतात, त्यामुळे हॅलोजन त्या रेषेत नको. डोळे दिपले की चढाईवाल्याच्या पायाचा अंगठा दिसत नाही. चार कोपऱ्यांत उंच बांबूवर लावा. दोरी रेषेपासून तीन-चार मीटर मागे बांधा, नाहीतर पब्लिक पंचाच्या अंगावर येतं.

ओरडा कुठे होतो तेही ठरलेलं आहे. बचावात सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो. पाच उरले तरी लोक बोनस मागतात. स्पर्श झाल्यावर राखीव क्षेत्र, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंची पट्टी, खुलं होतं, हे तर निम्म्यांना ठाऊक नसतं. मग "काऊन बे पंच, दिसत नाही का?" सुरू. अशा वेळी माईकवाल्यानं निर्णयाचं कारण एका वाक्यात सांगावं, स्वतःचं मत नाही.

बायबलातल्या निर्गमाच्या २३ व्या अध्यायात हेच बजावलं आहे: गर्दीच्या मागं लागून न्याय फिरवू नको, आणि लगेच पुढं, गरिबाचीही उगाच बाजू घेऊ नको. म्हणजे यजमान संघ मंडळीचा असला, हरत असला, तरी पंचाकडे डोळे वटारायचे नाहीत. सरपंचाशी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाशी, बोलायचं ते फक्त कर्णधारानं. चुकलेल्या निर्णयाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकणाऱ्या पोराला त्याच रात्री काढायला लावा.

मानधनाबाबत मंडळ्या फार कच्च्या. "देवाचं काम आहे, सर, समजून घ्या" म्हणत पंचाला फुकटात राबवणं शुभवर्तमानात बसत नाही. लूकच्या १० व्या अध्यायात कामकऱ्याची मजुरी त्याच्या हक्काची आहे. रक्कम आधी ठरवा, पाकीट शेवटच्या सामन्याआधी द्या, निकालानंतर नाही. गुणलेखक आणि त्याच्या दोन सहाय्यकांनाही द्या, त्यांना हमखास विसरतात. तालुक्याला जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली असते, तेव्हा गाडी सांगून ठेवा.

पाळकसाहेबांनी आरंभीची प्रार्थना आटोपशीर करावी. "आमच्या संघाला यश दे" हे पंचांसमोर म्हणू नये; त्यांची नजर आणि धीर शाबूत राहो एवढं पुरे. पंच बहुधा दुसऱ्या धर्माचे असतात, त्यांना डोळे मिटायला लावू नका. नाताळच्या जेवणात मटण असतं; मार्गशीर्षाचा गुरुवार आहे का ते आधी विचारा, वरण-भात आणि वांग्याची भाजी वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि सामने लांबले तर पहिली पंगत त्यांची बसवा.