घरघर, घोरणे आणि पहाटेचा खोकला

माझ्या मुलीला सर्दी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तिची छाती घरघरू लागते. दिवसा ती खेळते, दवाखान्यात पोहोचेपर्यंत छाती बरीच मोकळी झालेली असते आणि खरा त्रास पाहिलेला असतो तो फक्त आम्ही. तपासणीच्या वेळी आपण ताप, खोकला आणि भूक यांविषयी भरभरून सांगतो. झोपेचा विषय मात्र राहून जातो. घरघरणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो राहू नये, असे मला मनापासून वाटते.

श्वासनलिका दिवसभर सारख्याच मोकळ्या नसतात. पहाटे चारच्या सुमारास त्या सर्वांत अरुंद असतात. सूज आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास नीचांकी असते, आणि आडवे झाल्यावर नाकातला स्राव घशात उतरतो. त्यातच लहान मुलांच्या नळ्या मुळात बारीक असतात. नळीची त्रिज्या निम्म्यावर आली तर हवेला होणारा अडथळा सुमारे सोळापट होतो, म्हणून मोठ्यांना केवळ शिंका आणणारी सर्दी मुलाला रात्रभर धाप लावू शकते.

रात्रीचा प्रत्येक आवाज मात्र छातीतलाच असतो असे नाही. घरघर बहुधा श्वास सोडताना शिट्टीसारखी येते. घोरणे नाक-घशातून आणि मुख्यतः श्वास घेताना येते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड घशातील जागेच्या मानाने मोठे असतात, आणि अ‍ॅलर्जीची सूज नाक व छाती या दोहोंत असू शकते. त्यामुळे एकाच मुलात दोन्ही त्रास आढळणे नवलाचे नाही. सर्दी नसतानाही आठवड्यातील तीन किंवा अधिक रात्री घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखे होणे, मान मागे टाकून तोंड उघडे ठेवून झोपणे, पूर्वी थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, या खुणा डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. झोपमोड झालेले मूल दिवसा पेंगण्याऐवजी अनेकदा चिडचिडे आणि चंचल होते, म्हणून दोष स्वभावाला दिला जातो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक मुलाच्या घोरण्याविषयी विचारावे असे म्हटले आहे. घरघरणाऱ्या मुलाबाबत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे, कारण अडथळा घशात असताना केवळ इन्हेलरचा डोस वाढवून झोप सुधारणार नाही.

मुलगी गाढ झोपली की मी पांघरूण बाजूला करून, सदरा थोडा वर उचलून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. पोट उडते का, बरगड्यांखालची आणि गळ्याजवळची जागा आत ओढली जाते का, हेही पाहते. छाती उघडी दिसेल आणि आवाज स्पष्ट येईल असे छोटेसे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवते. दवाखान्यात ते माझ्या वर्णनापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

औषधांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दमा आणि अ‍ॅलर्जीसाठी दिले जाणारे मॉन्टेलुकास्ट हे औषध घेणाऱ्या काही मुलांना वाईट स्वप्ने पडतात, झोप लागत नाही किंवा वागणूक बदलते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये याबाबत सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला. हे औषध सुरू झाल्यावर झोप बिघडली, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

ओठ निळसर दिसणे, धापेमुळे बोलता किंवा दूध पिता न येणे, प्रत्येक श्वासाला कण्हणे, मूल मलूल होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. धाप कायम असताना घरघर अचानक थांबली, तर तो उतार समजू नये. हवाच पुरेशी आत जात नसेल, तर आवाजही येत नाही.