भोरड्यांचा हिशेब

"परवापर्यंत होते की, ताई," नावाडी म्हणाला.

मार्चच्या मध्यावर पट्टकदंब बघायला भिगवणला जाणं म्हणजे जत्रा उठल्यावर पाळण्यात बसायला जाणं. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा हा हंसासारखा पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतो आणि ऊन तापू लागलं की तिबेट, मंगोलियाकडे परत निघतो. माझी रजा कधी मंजूर होते याच्याशी त्याला काय देणंघेणं!

सोबत आबा होते. पक्षी बघायला मुद्दाम गाडी करून जायचं, ही गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही. दुर्बीण पुढे केली तर म्हणाले, "एवढं समोर दिसतंय की." उजनी धरणाचं पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला होता. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत होते. एक मोरघार पंजात मासा धरून गेली. मी वहीत भराभर नोंदी करत होते. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी घोळक्याने पोहत होते. त्यांना वारकरी म्हणतात, असं सांगितल्यावर मात्र आबांनी दुर्बीण मागून घेतली. "भीमेचंच पाणी आहे म्हणा. पंढरपूर खालच्या अंगालाच."

परतताना पळसदेवच्या अलीकडे चहाला थांबलो. पाणी फार उतरलं की इथलं धरणात बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. पण माझं लक्ष गेलं ते टपरीमागच्या पळसाकडे. एक पान नाही, सगळं झाड केशरी, आणि आत शाळा सुटल्यासारखा कालवा.

"भोरड्या," आबा म्हणाले. झाडाकडे न बघताच.

पक्षी बघणारे त्यांना पळसमैना म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख आणि मानेवर रुळणारा तुरा. फुलात चोच खुपसून मध पिताना कपाळाला पराग लागतो आणि तोच पुढच्या फुलाला पोचतो. पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं, म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात: हा पोपट तर नव्हे? पण खरी गर्दी ही अशी मैनांची. पावसाळा सरता सरता येतात तेव्हा यातल्या कितीतरी मळकट, पोरसवदा दिसतात. हिवाळाभर पिसांची फिकी टोकं झिजत जातात आणि वसंतात आतला गुलाबी रंग उजळतो. म्हणजे नवे कपडे न घेता, जुनेच झिजवून नटायचं. आमच्या घरात हे कुणाला जमलेलं नाही.

आबांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. पोरवयात ते ज्वारी राखायला माळ्यावर बसायचे. "पहाटे थंडीत कुडकुडत गोफण फिरवायची. इकडून उठवल्या की तिकडे बसायच्या. दहा मिनिटं डोळा लागला की कणसं मोकळी."

मी म्हटलं, "आता एप्रिलपर्यंत जातील. तिकडे कझाकस्तानकडे टोळ, नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतात. चीनच्या शिनजियांगात तर टोळ आवरावेत म्हणून लोक यांना दगडांची घरटी रचून देतात."

आबांनी कप खाली ठेवला. "घरं बांधून देतात?"

"हो."

"भोरड्यांना?"

मग बराच वेळ ते झाडाकडे बघत राहिले. तेवढ्यात कशाने तरी बिचकून सगळा थवा एकदम उठला, आभाळात वळला, पसरला, पुन्हा गोळा झाला. आबांचा उजवा हात खांद्यापर्यंत गेला होता. माझं लक्ष आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच हाताने टोपी सारखी केली.

गाडीत बसल्यावर मी वही उघडली. पट्टकदंबाच्या पुढे फुली मारली.

"भोरड्या लिहिल्यास का?" मागून आवाज आला.

"लिहिते. पण किती लिहू? मोजता कुठे आल्या?"

आबांनी जरा विचार केला. "दोन पोती ज्वारी खातील एवढ्या लिही."