नव्या गाडीच्या ऑइलचा लाल रिपोर्ट: माझा अनुभव

गाडीचं वापरलेलं ऑइल लॅबमध्ये तपासून घेतलं, तर रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लाल पट्टा, त्यात ‘क्रिटिकल’. खाली तीन शेरे: ऑइल अतिशय पातळ झालं आहे, ताबडतोब बदला. धूळ आत जात आहे, एअर फिल्टर तपासा. झीज जास्त आहे, इंजिन तपासून घ्या. गाडी नवी कोरी, चारचौघांसारखी हॅचबॅक, 1.2 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, मीटरवर जेमतेम पाच हजार किलोमीटर. तिन्ही शेरे निराधार होते, पण ते मागे घ्यायला लावताना लॅबने माझा जो अंत पाहिला तो अजून डोक्यातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्या कॉम्प्रेसरचं ऑइल नियमित तपासायला जातं, त्यामुळे आपल्या गाडीचंही एकदा बघावं असं मनात होतंच. सॅम्पल घेणं सोपं गेलं. इंजिन गरम असताना ड्रेन प्लग काढायचा, सुरुवातीची धार जाऊ द्यायची आणि मधल्या धारेतून शंभरेक मिली कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्यायचं. पाण्याची रिकामी बाटली धुऊन वापरू नका, दोन थेंब पाणी राहिलं तरी रिपोर्ट बिघडतो. कुरिअरवाले ऑइल घेईनात, मी स्वतः नेऊन दिलं.

घोळ झाला तो फॉर्मवर. ‘उपकरणाचा प्रकार’ या रकान्यात पर्याय कोणते? डीजी सेट (डिझेल जनरेटर), कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक. कार नाहीच. मी वर ठळक अक्षरांत ‘पेट्रोल कार’ लिहिलं, ग्रेडच्या जागी 0डब्ल्यू-20 लिहिलं (शेवटचा आकडा गरम ऑइलच्या दाटपणाचा), ऑइल किती किलोमीटर चाललंय तेही लिहिलं. आत कॉम्प्युटरवर भरणाऱ्याने ‘इंजिन’ बघून डीजी सेट निवडला. डीजी सेटमध्ये सहसा 15डब्ल्यू-40 हे जास्त दाट ऑइल असतं, त्यामुळे माझ्या ऑइलला मर्यादाही त्याच लागल्या.

आता आकडे बघा. 100 अंशांना माझ्या ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, आली 7.3 सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक). इंजिन ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे300 या मानकाप्रमाणे 20 ग्रेडची हद्द 6.9 ते 9.3, म्हणजे माझं ऑइल हद्दीत आहे. 40 ग्रेडची हद्द सुरूच होते 12.5 पासून. त्या फुटपट्टीने मोजलं तर माझं ऑइल काय, 0डब्ल्यू-20चा सीलबंद डबासुद्धा ‘अतिशय पातळ’ ठरेल!

फोन केला. ‘मॅडम, लिमिट सिस्टीममधून येतात.’ मग सिस्टीममध्ये बदला. ‘रिपोर्ट रिलीज झालाय, आता बदलता येत नाही.’ ज्यांनी सही केली त्यांच्याशी बोलायचंय म्हटलं तर ‘साहेब साइटवर आहेत’. मेल केला, त्याला उत्तर म्हणून तीच पीडीएफ पुन्हा आली. दरम्यान रिपोर्ट सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवला. अॅडव्हायझरने लाल पट्टा पाहिला आणि इंजिन फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, सुचवला. पाच हजार चाललेल्या इंजिनाला फ्लश! मी साफ नाही म्हणाले. वर ‘बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट वॉरंटीत धरत नाहीत’ हेही ऐकवलं. मग फ्लश कुठल्या रिपोर्टवर सुचवत होतात, असं विचारल्यावर विषय संपला.

शेवटी मी लॅबच्या काउंटरवर जाऊन बसले. सोबत माझ्या हस्ताक्षरातल्या फॉर्मचा फोटो होता (फॉर्म देण्याआधी फोटो काढाच, माझं सगळं भांडण त्या एका फोटोवर टिकलं) आणि त्याच ऑइलच्या डब्यात उरलेलं कोरं ऑइल. म्हटलं, हे तपासा, याचेही पैसे घ्या, आणि दोन्ही आकडे शेजारी छापा. तेव्हा कुठे आतून एक ज्येष्ठ केमिस्ट बाहेर आल्या. त्यांनी फोटो पाहिला, रिपोर्ट पाहिला आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, ‘मर्यादा चुकीच्या लागल्यात, सुधारित रिपोर्ट देते.’ इतकंच हवं होतं हो! हे पहिल्या फोनवर का होऊ नये?

कोऱ्या ऑइलची व्हिस्कॉसिटी 8.2 निघाली. म्हणजे घट अकराएक टक्के. थोडी व्हिस्कॉसिटी वापराने घटतेच, थोडी पेट्रोल मिसळल्याने. माझं पेट्रोलचं प्रमाण 1.4 टक्के होतं. घर ते कंपनी अंतर कमी, ऑइल पुरतं तापायच्या आत गाडी बंद होते, मग पेट्रोल उडून जायला वाव मिळत नाही. अधूनमधून एक्सप्रेसवेला तासभर गाडी नेली की त्यातलं बरंचसं उडून जातं.

दुसरा शेरा धुळीचा. धुळीत सिलिकॉन असतं, आणि माझ्या ऑइलमध्ये ते 62 पीपीएम (दहा लाखांत 62 भाग) होतं. आपल्याकडे रस्ते म्हणजे धूळच, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण नव्या इंजिनात सिलिकॉन गॅस्केटच्या सीलंटमधूनही ऑइलमध्ये उतरतं. फरक कसा ओळखायचा? धूळ आत गेली तर ती लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगा घासते, त्यामुळे सिलिकॉनबरोबर लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम वाढतं, आणि पुढच्या सॅम्पललाही ते तसंच राहतं. माझं क्रोमियम होतं 1. एअर फिल्टरचं झाकण उघडून रबर नीट बसलंय का, पुढच्या पाइपात धूळ आहे का हे मी तरीही पाहिलं. पाइपात पांढरा रुमाल फिरवला, तो स्वच्छ निघाला.

लोखंड 48 आणि तांबं 34 हे तिसऱ्या शेऱ्याचं कारण. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत बसताना हे निघतंच. तांब्यासोबत टिन आणि लेड वाढलेलं नव्हतं म्हणजे बेअरिंग झिजत नव्हते, सोडियम-पोटॅशियम नगण्य होतं म्हणजे कूलंटही मिसळत नव्हता. माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

एक लक्षात घ्या, धातू मोजणाऱ्या आयसीपी यंत्राला साधारण पाचेक मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. इंजिनातून आवाज येत असेल किंवा फिल्टरमध्ये चकाकणारे कण असतील, तर रिपोर्ट कितीही चांगला येवो, मेकॅनिककडे जा. आणि लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे एवढं ऐकून थांबू नका. मान्यता चाचणीनिहाय असते, तेव्हा तुम्हाला हव्या त्या चाचण्या तिच्या यादीत आहेत का ते विचारा.

पुढचं ऑइल पुन्हा पाच हजारांनी काढलं आणि तिथेच दिलं, फॉर्मवर त्या केमिस्टबाईंचं नाव घालून. लोखंड 14, तांबं 9, सिलिकॉन 19. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! धूळ असती तर सिलिकॉन असं खाली आलं नसतं.

ऑइल किती चालवायचं हे ठरवायला मी टीबीएन (टोटल बेस नंबर) बघते. ज्वलनातून येणारी आम्लं मारायची ऑइलची ताकद त्यातून कळते. कोऱ्या ऑइलचा 7.8 होता, पाच हजारांनंतर 5.1. म्हणजे ऑइल दमलेलं नव्हतं, सध्या मॅन्युअलमधल्या मुदतीपर्यंत चालवतेय. कोऱ्या ऑइलची तपासणी मात्र दरवेळी करायची गरज नाही, ब्रँड किंवा ग्रेड बदलला तरच पुन्हा करा. आणि मध्ये टॉप-अप केलं असेल तर किती केलं ते फॉर्मवर लिहा, नाहीतर लोखंड उगाच कमी दिसतं.