अपील नाही, पैसेही नाहीत

कोर्टाचा बेलीफ आला तेव्हा साहेब बैठकीला गेले होते, म्हणून जप्तीचं वॉरंट माझ्या टेबलावर आलं. मराठवाड्यातल्या एका भूसंपादन कार्यालयात मी तेव्हा अव्वल कारकून होतो. वाढीव मावेजासाठी, म्हणजे जमिनीच्या वाढीव मोबदल्यासाठी, कार्यालयाच्या खुर्च्या, संगणक, साहेबांची गाडी जप्त होणं आमच्याकडे नवं नाही. पण या वेळी बेलिफासोबत डिक्रीदार, म्हणजे ज्याच्या बाजूनं निकाल लागला तो शेतकरी, स्वतः आला होता. डोक्याला रुमाल, काखेत नकलांची पिशवी. त्याची जमीन पाझर तलावात गेली होती आणि दिवाणी न्यायालयानं वाढीव दर मंजूर करून बराच काळ लोटला होता.

बेलीफ खुर्च्या मोजायला लागला. म्हातारा म्हणाला, "खुर्च्या नेऊन काय करू सायेब? तुमी वर अपील केलंय का, तेवढं सांगा. वकील म्हंतो, सरकार अपिलात गेलं की बसा वाट बघत."

मी कपाटातून संचिका काढली.

निकाल विरोधात गेला की आमचा रस्ता ठरलेला असतो. नक्कल काढायची, जिल्हा सरकारी वकिलांचं मत घ्यायचं, टिपणी जोडून प्रस्ताव विधि व न्याय विभागाकडे पाठवायचा. हे खातं म्हणजे कोर्टच, असं आमच्या कार्यालयातही निम्म्या लोकांना वाटायचं. तसं नाही. कोर्टाच्या निकालाला ते हात लावू शकत नाही. ते सरकारचं स्वतःचं वकिली खातं. विधेयकांचे मसुदे तपासणं, इतर विभागांना सल्ला देणं, सरकारी वकील नेमणं आणि अपिलात जायचं की नाही ते सांगणं, ही त्याची कामं. मुख्य कार्यालय मंत्रालयात, शाखा नागपूरला आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथं १९८१ साली उच्च न्यायालयाचं काम सुरू झालं, नाहीतर आमच्या भागातल्या अपिलांना मुंबईच गाठावी लागायची. अपिलाची मुदत ९० दिवस. नकलेला लागलेले दिवस वजा होतात खरे, तरी विलंबमाफीचा अर्ज आमच्या अपिलांच्या पाठीला चिकटलेलाच.

संचिकेत विभागाचा अभिप्राय होता. जेमतेम अर्धं पान. न्यायालयानं शेजारच्या गटाच्या नोंदणीकृत खरेदीखतावरून दर काढला आहे, तो पुराव्याला धरून आहे, विहिरीचं मूल्यांकन सरकार पक्षाला खोडता आलेलं नाही; प्रकरण अपिलास योग्य नाही.

असं वाक्य कमी वाचायला मिळतं. अपील केलं म्हणून कुणाची चौकशी लागत नाही, पैसे दिले तर लागू शकते; त्यामुळे प्रत्येक टेबलाचा कल 'करून टाका अपील' याच्याकडे. तिथं बसून 'नको' लिहिणाऱ्याचं मला तरी कौतुक वाटतं.

मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो थोडा वेळ बघतच राहिला. "म्हंजी मी खरा, हे सरकारनंबी मानलं?"

"हो."

"मंग पैसे?"

इथं माझी बोलती बंद. अभिप्राय लिहिणाऱ्याकडे तिजोरी नसते. रक्कम द्यायची ती ज्याच्यासाठी जमीन घेतली त्या यंत्रणेनं. आम्ही मागणीपत्रं पाठवत होतो, उत्तर 'तरतूद उपलब्ध नाही'. इकडे १८९४ च्या कायद्याप्रमाणे ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज चालूच. बँकसुद्धा ठेवीवर एवढं देत नाही.

त्यानं अभिप्रायाची नक्कल मागितली. तो अंतर्गत कागद. देता येत नव्हता. मग म्हणाला, वाचून तरी दाखवा. मी वाचला. परत वाचायला लावला. शेवटची ओळ त्यानं ओठांनी माझ्यासोबत म्हटली आणि बेलिफाकडे वळून म्हणाला, "ल्ह्या, सरकारनं अपील केलेलं नाही."

बेलीफ माझ्याकडे बघायला लागला. अपील केलेलं नाही, ही गोष्ट काही गुपित नव्हती. मी साहेबांना फोन लावला, त्यांनी होकार दिला आणि तसं लेखी पत्र मी बेलिफाच्या हातात ठेवलं. खुर्च्या डिक्रीदारानंच राहू दिल्या. दरखास्तीच्या, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाच्या, पुढच्या तारखेला ते पत्र कोर्टासमोर आलं आणि संबंधित यंत्रणेला मुदत बांधून मिळाली.

पैसे एकदम आले नाहीत, हप्त्यांनी कोर्टात जमा झाले. प्रत्येक हप्त्याला व्याजाचा तक्ता नव्यानं मीच केला.