ऊसमजुरांचे गाव आणि कामरान दीबा

कोल्हापुरात ‘पेंटर’ म्हणजे केवळ कुंचला धरणारा माणूस नव्हे. बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवले, देशी कॅमेरा घडवला आणि चित्रपटही काढले. म्हणूनच चित्रकार आणि वास्तुविशारद अशा दोन्ही नात्यांनी ओळखले जाणारे कामरान दीबा मला परके वाटत नाहीत.

१९३७ साली तेहरानमध्ये जन्मलेले दीबा अमेरिकेतील हॉवर्ड विद्यापीठात वास्तुकला शिकून मायदेशी परतले. १९७७ मध्ये उघडलेले तेहरानचे समकालीन कला संग्रहालय ही त्यांची सर्वांत गाजलेली वास्तू, आणि तिचे पहिले संचालकही तेच. वाळवंटी गावांत घरात वारा ओढून घेणारे ‘बादगीर’ नावाचे मनोरे असतात. त्यांच्या आकाराची छपरे येथे वाऱ्याऐवजी उजेड आत घेतात.

त्या संग्रहालयापेक्षाही माझा जीव जडला आहे तो शेजारच्या उद्यानातील छोट्याशा नमाजखान्यावर. बाहेरचा चौकोन रस्त्याच्या रेषेत उभा आहे. त्याच्या आतला दुसरा चौकोन मात्र मक्केच्या दिशेने वळवलेला, आणि वर उघडे आकाश. ना घुमट, ना मिनार. भिंतीला दिलेल्या एका वळणातच सारी प्रार्थना आली आहे. असा कोन चित्रकारालाच सुचावा.

खुझेस्तान प्रांतातील शुश्तर नवनगराकडे मात्र मी आपल्या मातीच्या ओढीने वळलो, कारण ते उसाच्या उद्योगात राबणाऱ्या कामगारांसाठी उभारलेले गाव आहे. माझे बालपण पंचगंगेकाठी एका साखर कारखान्याच्या वसाहतीत गेले. एकाला एक लागून खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. गळीत हंगाम संपून उन्हाळा लागला की दुपारी आत बसवत नसे. बायका संध्याकाळी पाण्याच्या नळापाशी जमत, कारण नकाशात त्यांच्यासाठी दुसरी जागाच काढलेली नव्हती.

दीबांनी नेमकी तीच जागा आधी काढली. मधून पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली वाट, तिच्या कडेने बसण्याचे चौक, विटांच्या भिंतींमधले सावलीचे बोळ, प्रत्येक घराला अंगण आणि उकाड्याच्या रात्री झोपता येईल अशी गच्ची. १९७९च्या इस्लामी क्रांतीच्या उलथापालथीत त्यांनी इराण सोडले, नगराचा मूळ आराखडा अर्धवट राहिला. तरी १९८६ मध्ये त्याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्या बोळांची छायाचित्रे मी आईला दाखवली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा नळ कुठे आहे, हा.