दोन मिली

शुक्रवार, रात्रपाळीनंतर

पुढच्या पाळीला ओव्हर देऊन घरी आले तरी कानात मॉनिटरचा आवाज आहेच. झोप लागायच्या आत लिहून ठेवते.

सर्जिकल वॉर्डातून नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात बदली झाली आणि माझी सगळी मापंच बदलली. तिकडे पाचशे मिलीची बाटली लावायची, थेंब जुळवायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. इथे सिरिंज पंपावर तासाला तीन-चार मिली जातात. औषधाचा डोस काढला की दशांश चिन्ह दुसऱ्या सिस्टरलाही दाखवायचं. किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण ९० मिली रक्त असतं, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढं. तपासणीसाठी अर्धा मिली काढलं तरी चार्टवर नोंद होते. लंगोटसुद्धा आधी कोरडा तोलायचा, मग ओला. एक ग्रॅम वाढला म्हणजे एक मिली लघवी झाली.

कोपऱ्यातल्या वॉर्मरवर ऊसतोडीला आलेल्या एका बाईचं बाळ आहे. तीस आठवड्यांचं, बाराशे ग्रॅमचं, नाकात सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने फुप्फुसं उघडी ठेवणारी नळी. टोळी बीडकडची. फडातच कळा सुरू झाल्या आणि ट्रॅक्टरवरून तिला आणलं. मोळ्या बांधून हाताला घट्टे पडलेत, आणि त्याच हातांनी ती दर दोन तासांनी दूध काढून आणते. रात्री दोन वाजता दारात उभी होती. उकळलेल्या वाटीचा तळही नीट झाकला नव्हता. वाटी पदराआड धरून म्हणाली, "एवढंच निघालं ओ सिस्टर."

मी तिला आत घेतलं, पिवळसर चीक सिरिंजमध्ये ओढला आणि दोनची खूण दाखवली. "ताई, त्याला आत्ता दोनच मिली द्यायचंय. पुरेपूर आणलंय तुम्ही." चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत जमत नाही, म्हणून तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने हळूहळू सोडलं. ती बघत राहिली. टोळीतल्या कुणीतरी तिला हे पहिलं दूध पिळून टाकायला सांगितलं होतं. मला त्या बाईचा राग येत नाही, तिलाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. पण इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांची आतडी फार नाजूक असतात, सुजतात, कधी सडतातही. ते टाळण्यात आईच्या दुधाचा वाटा फार मोठा आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली. आमच्याकडे पेढी नाही. त्या वाटीत येईल तेच आमचं औषध, आणि ते आणणारी बाई शरमेने उभी राहते, हे मला सोसत नाही.

काल वजन घटलं म्हणून ती रडली होती. पहिल्या आठवड्यात अशा बाळांचं वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त उतरतं, दोनेक आठवड्यांत भरून निघतं. हे तिला वजन करायच्या आधीच सांगायला हवं. काट्यावरचा आकडा बघितल्यावर कितीही समजावलं तरी तिला ती समजूत घालणंच वाटतं.

पहाटे त्याचा श्वास थांबला. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून ही बाळं श्वास घ्यायचा विसरतात. वीस सेकंद गेली किंवा त्याआधीच नाडी मंदावली, रंग उतरला, तर ते गंभीर. इन्चार्ज सिस्टरांचं एक वाक्य इथे आल्यापासून डोक्यात बसलंय: "आधी बाळ बघ, मग मशीन." ओठ निळसर झाले होते. मान सरळ केली, तळवा चोळला, आणि त्याने श्वास घेतला. मी ऑक्सिजन वाढवला नाही. तो जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, म्हणून मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्येच धरायचा. शंभर दिसला की सर्जिकलला बरं वाटायचं, इथे शंभर दिसला की हात आधी ऑक्सिजन कमी करायला जातो. डॉक्टरांना कळवलं, श्वासाला चालना देणाऱ्या कॅफिनचा डोस तपासला, नोंद केली.

सीपॅप निघाला नसला तरी आज त्याला आईच्या छातीवर द्यायचं ठरलंय. ही कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. पूर्वी बाळ स्थिर होईपर्यंत थांबायचे. २०२१ साली भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला: एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या अंगाशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव भागाने कमी झाले. इतकं देणारं यंत्र आमच्या विभागात कुठलं आहे? तरी आयांना दाराबाहेर बाकड्यावर बसवण्याची सवय जात नाही. मला ती सवय मोडायची आहे. नवखी असले तरी हे मी बोलणार.

अडचण वेगळीच आहे. तिचा नवरा काल विचारत होता, किती दिवस लागतील. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता दोघांचा मिळून. ती इथे थांबली तर त्याची जोडी मोडते आणि पैसे फिटत नाहीत. तो वाईट माणूस नाही, काचेतून बाळाकडे बघताना त्याचा चेहरा मी पाहिलाय. पण "आई नसली तरी तुम्ही आहात ना सिस्टर," असं तो म्हणाला तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आज संध्याकाळी भेटीच्या वेळेला ड्यूटी नसली तरी जाणार आहे. त्याला ती वाटी दाखवायची, सिरिंजवरची दोनची खूण दाखवायची, आणि हे फक्त तिच्याकडूनच मिळतं असं समोर बसून सांगायचं. तिच्या जेवणाचं आणि राहण्याचं इन्चार्ज सिस्टरांशी आधी बोलून घेते. पाचचा गजर लावलाय.