आधी बूट घे, पोरी

"मावशी, हे पिस्तूल अडकवायचं होल्स्टर बघ ना!" नुकतीच पीएसआय झालेली भाची दादरच्या दुकानात हरखून गेली होती.

दुकानदार काका म्हणाले, "पोरी, आधी बूट घे. बंदोबस्तात पायांचे तुकडे पडतात." बूट उलटा करून त्यांनी तळवा अंगठ्याने दाबून दाखवला.

अमेरिकेत बरेच पोलीस घोट्याला दुसरं छोटं पिस्तूल बांधतात, अनेकदा स्वखर्चाने. आपल्याकडे खातं देईल तेच हत्यार.

मला मात्र राहून राहून तुकाराम ओंबळे आठवत होते. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र, गिरगाव चौपाटी. समोर एके-४७, यांच्या हातात नुसती लाठी. तरी त्यांनी कसाबची बंदूक सोडली नाही.

बूट आम्ही निवडले. तिचं बुलेटप्रूफ जॅकेट कोण निवडणार? आणि ते तिच्या मापाचं असेल का?